फाटकाचा अर्ज

तुम्हांला वाटत असेल, आता मी लिहिणार की तात्या गेले आणि आभाळ भरून आलं. तसलं काही नाही. लख्ख ऊन होतं. मी पिंपरीच्या नाक्यावर चहा पीत कुणाची तरी नक्कल करत होतो. गावचा एक जण सायकलवरून आला नि म्हणाला, "बास कर आता. तुझं तात्या गेलं."

तात्या माझे चुलते. गावात कुणालाही सरकारात अर्ज करायचा झाला की तो त्यांच्याकडं यायचा. त्यांची रीत निराळीच. अर्ज लिहून झाला की अंगणात माती वाहायची लोखंडी पाटी पालथी घालून मला तिच्यावर बसवायचे. "हं, आता तू साहेब. काढ खोड्या." मग मी नाकात बोलायचो, "हे तुम्ही डोळ्यांनी पाहिलंत काय?" उत्तर देता आलं नाही की तात्या ती ओळ खोडायचे. आणि आपली लंगडी बाजू स्वतःच वर लिहायचे. "त्यानं हुडकायच्या आधी आपणच सांगावं. मग म्होरलं खरं वाटतं."

गावानं दिलेल्या जमिनीवर कारखाना आला, त्याचं तारेचं कुंपण उभं राहिलं आणि नदीची वाट बंद झाली. पाण्याची, धुण्याची, मयताचीही... मसणवट काठावरच ना! तात्यांनी अर्ज लिहिला: जमीन राजीखुशीनं दिली, पैसे मिळाले, तक्रार नाही, वाटेपुरतं एक फाटक ठेवा. मला तो अगदीच अळणी वाटला. प्रांतसाहेब पाहणीला आले तेव्हा आवाज चांगला म्हणून वाचायचं माझ्याकडं आलं. माणसं जमलेली बघून मला चेव चढला. मधेच पदरची ओळ घातली, "...बायाबापड्या रोज रडत रडत वळसा घालतात!"

साहेबांनी घागर घेऊन उभ्या असलेल्या तात्यांच्या बायकोला, माझ्या काकीलाच विचारलं, "रडता का हो?"

"न्हाई बा. रडाया येळ कुटं हाय?"

सगळे हसले. मीही हसलो. साहेब तेवढे हसले नाहीत. हात वर करून म्हणाले, "म्हणजे बाकीचंही असंच असणार."

"साहेब, ती वळ कागदात न्हाई. वाचून तर बघा," तात्या मागं मागं जात म्हणाले. जीप निघून गेली. फाटक झालं नाही. तात्या मला एका शब्दानं बोलले नाहीत. पुढंही अर्ज लिहीत राहिले, पण साहेब व्हायला मला पुन्हा बोलावलं नाही...

त्यांची तिरडी कुंपणाच्या कडेकडेनं, सगळा वळसा घालून गेली. तारेपलीकडं नदी दिसत होती. दर वेळी खांदा बदलताना मी मान खाली घालत होतो.

परवा या लेखाचा पहिला खर्डा काकीला वाचून दाखवायला गेलो. पाटी अंगणात अजून पालथीच आहे. मी उभ्यानंच वाचायला लागलो. 'त्या दिवशी सारा गाव रडला' इथं आलो आणि काकी येऊन पाटीवर बसली.

"कोण कोण रडलं? नावं सांग."

मी कागद उलटून पाहू लागलो.

"आरं, एकेक वळ खरी करता करता त्या माणसाचा जल्म गेला. आन् तू त्याच्या मयतावर बी वाढवून सांगतोस व्हय रं? खोड ती! सारं गाव कशाला मधी घालतोस? तुला कुटं लागलं ते लिही. आन् ते बी लागलंय तेवढंच!"