उत्तरेकडं डोकं

आमच्या घराण्यात डिग्री घेणारा मी पहिला. हे सांगायला मी लाजत न्हाई. शेवटच्या वर्षी नांदेडच्या कॉलेजात प्रत्येकानं एक छोटी फिल्म करायची होती. सरांचा दंडकच होता, कॅमेरा काय बघणार ते आधी चौकटी आखून कागदावर काढायचं. मी वसतिगृहात बसून उमरीजवळच्या आमच्या घराच्या चौकटी काढल्या. पहिलीच चौकट अशी: सकाळची वेळ, बाज, उशाला खिडकी, झोपलेल्या बाबांच्या चेहऱ्यावर उजेड. सर म्हणाले, "हा शॉट जमला तर तू पास."

बाबांनी ही बातमी पारावर फोडली. शूटिंगच्या आदल्या दिवशी उमरीला जाऊन दाढी-कटिंग करून आले, मिशीला कलप लावून आले.

सकाळी मी कॅमेरा लावला. "बाबा, खिडकीकडं डोकं करून झोपा."

बाबा बाजेवर बसले, खिडकीकडं बघितलं आणि ताडकन उठले. "ही उत्तर हाय लेका! उत्तरेला डोकं, दक्षिणेला पाय. मुडदा हाय का मी?"

"ॲक्टिंग आहे, बाबा."

"यमाला ॲक्टिंग कळती व्हय?"

तेवढ्यात आई चुलीपुढून उठून आली. माझा कागद बघून तिनं कपाळाला हात लावला. "बाप जित्ता असताना असा निजवलास? तेबी चित्र काढून?"

कागदावर चारही बाजू होत्या, दिशा एकही नव्हती. खोली बोळासारखी, बाज आडवी मावंना. बल्ब लावला तर सकाळ वाटंना. कॅमेरा मित्राचा, दुपारी परत द्यायचा. झक मारत बाबांना दक्षिणेला डोकं करून झोपवलं. सगळा उजेड तळपायांवर पडला. भेगाळलेल्या टाचा, भेगांत काळी माती, अंगठ्याचं फुटकं नख. कलप लावलेली मिशी राहिली अंधारात.

सरांनी तो शॉट वर्गात पुन्हा पुन्हा लावला. "तोंड न दाखवता अख्खा माणूस दाखवलास!" मी पास झालो, तेही वर्गात पहिला.

फिल्म मोबाइलवर पारावर दाखवली. एक म्हातारा बाबांना म्हणाला, "तू कुठं हायस रं ह्याच्यात?"

"ते पाय माझेच की!"

"कशावरून?"

बाबांनी चप्पल काढून भर पारावर पाय वर केला. म्हाताऱ्यानं मोबाइल टाचेजवळ धरून खात्री करून घेतली.

आता मी कॅमेरा घेऊन गावी गेलो की बाबा दाढीच्या भानगडीत पडत न्हाईत. न्हाणीत बसतात आणि दगडानं टाचा घासतात.