बांधलेलीच राहिलेली शेळी
लिंबाच्या कोलोनचा वास आला की मला कॉव्हेंट्रीतला आमचा वॉर्ड आठवतो. ऐंशीच्या दशकात मी तिथे नर्स होते. एक तुर्की म्हातारी शेवटच्या घटका मोजत होती आणि भेटायला येईल त्याच्या तळहातावर तिचा मुलगा त्यांच्या रीतीप्रमाणे कोलोन ओतायचा. एका दुपारी ती अचानक मुलालाही न कळणाऱ्या भाषेत ओरडू लागली. शेजारच्या बेडवरची सायप्रसची ग्रीक बाई उठून बसली. "सिस्टर, ही ग्रीक बोलतेय. शेळी बांधलेलीच राहिली, कुणीतरी सोडा म्हणतेय. क्रीट बेटावरची असणार. हिच्या लहानपणी ग्रीस आणि तुर्कस्तानात धर्म बघून माणसांची अदलाबदल झाली. ग्रीक बोलणारे मुसलमानसुद्धा तुर्कस्तानात धाडले." "माझी आई तुर्कच आहे, भ्रम झालाय तिला," म्हणत मुलानं खसकन पडदा ओढला. म्हातारी शेळीसाठी रडतच राहिली. शेवटी पडद्याअलीकडून ती बाई मोठ्यानं काहीतरी बोलली, आणि रडणं थांबलं. "सोडली म्हणून सांगितलं," ती मला म्हणाली. संध्याकाळी म्हातारी गेली. मुलानं सगळ्यांच्या हातावर कोलोन ओतलं, माझ्याही. त्या बाईनं पुढे केलेला हात मात्र कोरडाच राहिला. माझा संताप झाला, पण मी चादरी बदलायला घेतल्या. आता मीही म्हातारी झाले. मुलं रोज फोन करतात, मराठी एकालाही येत नाही. माझं मागे काय बांधलेलं राहिलंय कोण जाणे. ते सोडलं म्हणून मला कोण सांगणार?