कासारवाडीच्या कलादालनातल्या बाई

“लेखी द्या,” बाई म्हणायच्या आणि समोरच्या माणसापुढे कोरा कागद सरकवायच्या. त्यावर पेन ठेवायच्या, टोपण काढून. आवाज कधी चढवायच्या नाहीत. कागद बघून माणूस जरा घुटमळायचा, “तसं काही नाही, आपलं सहज म्हटलं,” असं पुटपुटायचा आणि जिना उतरायचा. मग बाई पेनाला टोपण लावायच्या.

सत्तरच्या दशकात तुम्ही कासारवाडीच्या बाजूला राहिला असाल, तर त्यांना सायकलवर पाहिलं असेल. पन्नाशीची बाई, सुती पाचवारी, हँडलला अडकवलेली जाड कापडी पिशवी. पिशवीत हातोडी, खिळ्यांचा डबा आणि सुतळीचं बंडल. रोज दुपारी त्या चिंचवडहून यायच्या. आधी पुण्यात एका शाळेत चित्रकला शिकवत होत्या. स्टेशनजवळच्या सार्वजनिक वाचनालयानं वरच्या मजल्यावर कलादालन काढलं, तेव्हा व्यवस्थापिका म्हणून त्यांना नेमलं.

नेमणाऱ्या समितीत मीही होतो. पाचही सभासद पुरुष, त्यात सगळ्यात लहान मी. मी एका कंपनीच्या ड्रॉइंग ऑफिसात होतो आणि रविवारी जलरंग काढायचो, एवढीच माझी पात्रता. अध्यक्ष माझ्याच कंपनीतले मोठे अधिकारी होते. माणूस वाईट नव्हता. पण आपण बोललो की विषय संपला, अशी त्यांना सवय होती.

कलादालन म्हणजे एक मोठी खोली आणि जिन्याकडे जाणारा बोळ. वर्षातून एकदा कामगारवस्तीतल्या लोकांचं प्रदर्शन भरायचं. पुरुषांची चित्रं खोलीत लागायची. बायकांची बोळात, पाण्याच्या माठाशेजारी, भरतकामाच्या रुमालांबरोबर. त्याला ‘महिला विभाग’ असं नाव होतं. आम्हाला ते औदार्यच वाटायचं.

बाईंनी पहिल्या वर्षी फक्त पाहिलं. दुसऱ्या वर्षी त्यांनी कलादालनाची वेळ बदलली. संध्याकाळी पाच ते आठ होती, ती दुपारी एक ते पाच केली. अध्यक्ष म्हणाले, “दुपारी कोण येणार?” बाई म्हणाल्या, “ज्यांना संध्याकाळी स्वयंपाक असतो, त्या.” आणि खरंच बायका यायला लागल्या. लहान पोरं बरोबर असायची. बाईंनी बोळात सतरंजी घातली आणि पोरांना खडू दिले. माठ खाली वाचनालयात गेला. रुमाल आणि चित्रं दोन्ही आत खोलीत आली, पुरुषांच्या निसर्गचित्रांच्या मधेमधे. कुणी कुरकुरलं की कोरा कागद पुढे यायचा.

गयाबाई तिथंच पहिल्यांदा दिसली. तळवड्याची लेक, कासारवाडीत चाळीत दिलेली. नवरा फिटर. ती कंपनीतून आलेल्या खोक्यांच्या पुठ्ठ्यावर चित्रं काढायची, डिंकात कालवलेल्या भुकटीच्या रंगांनी. पहिल्या दिवशी पुठ्ठा पदराखाली धरून दाराशी उभी राहिली.

“दाखवायचं न्हाई, फकस्त इचारायचं हाय,” ती म्हणाली.

“मग दाखवल्याशिवाय कसं विचारणार?” बाई म्हणाल्या.

पुठ्ठ्यावर चाळ होती. बाहेर अंधार, आणि ओळीनं सगळ्या खिडक्या पिवळ्या. प्रत्येक खिडकीत एक बाई. कुणी भाकरी थापतेय, कुणी डबा भरतेय, कुणी निळा युनिफॉर्म झटकतेय. पुरुष फक्त एका खिडकीत, तोही पांघरुणातून बाहेर आलेला एक पाय. मी तो पाय बघून हसलो. बाई हसल्या नाहीत. त्यांनी पुठ्ठा उजेडाकडे नेला, बराच वेळ बघितला आणि विचारलं, “नाव काय देणार?”

“पहिली शिफ्ट,” गयाबाई म्हणाली.

आमच्या प्रदर्शनाच्या फॉर्मवर शेवटी एक ओळ होती. स्त्री-कलाकारांनी पती अथवा वडिलांची लेखी संमती जोडावी. कुणी कधी घातली ते कुणालाच आठवत नव्हतं. त्या वर्षी बाईंनी सगळे फॉर्म समोर घेतले आणि पट्टी धरून ती ओळ प्रत्येक फॉर्मवर काळ्या शाईनं खोडली. मी समोर बसलो होतो. म्हटलं, “बाई, समितीला विचारायला हवं होतं.”

“तुम्ही समितीच ना? तुम्हाला विचारते. तुम्ही चित्र लावताना बायकोची संमती आणता?”

मी चहा पीत राहिलो.

‘पहिली शिफ्ट’ बाईंनी दारासमोरच्या भिंतीवर लावलं. आत पाऊल टाकलं की तेच दिसायचं. उद्घाटनाच्या सकाळी अध्यक्ष आले, बघत उभे राहिले आणि म्हणाले, “शिफ्ट कामगारांची असते. हे चुलीचं चित्र आहे. नाव बदला आणि बोळात न्या. इथं लोणावळ्याचं निसर्गचित्र लावा.”

“लेखी द्या, साहेब.”

कागद आला, पेन आलं. खाली पाहुणे पोचले होते. अध्यक्षांनी पेनाकडे पाहिलं आणि रुमालानं कपाळ पुसलं. चित्र जागेवर राहिलं.

त्या आठवड्यात शिफ्ट सुटली की कामगार युनिफॉर्मवरच वर यायचे. त्या चित्रापुढे गर्दी असायची. “आयला, हा पाय माझा आहे राव,” कुणीतरी म्हणायचा आणि हशा पिकायचा. पण हसून झालं तरी माणसं लगेच हलायची नाहीत. एकेका खिडकीवरून नजर फिरवायची.

गयाबाईच्या नवऱ्याला मात्र कंपनीत चिडवायला लागले. चौथ्या दिवशी तो तणतणत वर आला.

“कुणाला विचारून लावलं हे?”

“जिनं काढलं तिला विचारून,” बाई म्हणाल्या.

“मी नवरा आहे तिचा.”

“बरं झालं आलात. चित्र बघा. बसायला स्टूल देऊ?”

तो बसला नाही. सरळ अध्यक्षांच्या घरी गेला. अध्यक्षांनी फॉर्म मागवले आणि खोडलेली ओळ सगळ्यांना दिसली. आता नियमाचा प्रश्न झाला होता. समितीची तातडीची बैठक वाचनालयातच बसली. अध्यक्षांनी कागद लिहूनच आणला होता. समितीच्या नियमातील अट परस्पर खोडल्याबद्दल आपली सेवा आजपासून समाप्त करण्यात येत आहे. खाली पाच सह्यांची जागा. तीन झाल्या आणि कागद माझ्याकडे आला. कंपनीत मी तेव्हा कायम झालो नव्हतो, ते महिन्याभरात ठरायचं होतं. अध्यक्ष तसं काही बोलले नाहीत. बोलायची गरजही नव्हती. मी सही केली.

कागद बाईंना नेऊन द्यायचं कामही माझ्यावरच आलं. त्यांनी चष्मा लावून तो सावकाश वाचला. लाल पेन्सिल काढून ‘व्यवस्थापीका’मधली वेलांटी ऱ्हस्व केली.

“छान. लेखी दिलंत,” त्या म्हणाल्या. मग सह्यांवरून बोट फिरवत माझ्या सहीपाशी थांबल्या. “ही तुमची ना? सुरेख आहे. ड्रॉइंग ऑफिसातल्या माणसांचा हात चांगलाच असतो.”

त्या टोचून बोलल्या असत्या तर मला सोपं गेलं असतं. पण त्यांना खरंच ती सही सुरेख वाटली होती.

दुसऱ्या दिवशी दुपारी गयाबाई आणि बाकीच्या बायका आपापली चित्रं काढून न्यायला आल्या. बाई किल्ल्या द्यायला आल्या होत्या. गयाबाईनं स्टुलावर चढून पुठ्ठ्याला हात घातला, तशा बाई म्हणाल्या, “खाली उतर. माझं काम गेलंय. तुझी भिंत गेलेली नाही. अजून चार दिवस आहेत प्रदर्शनाचे.”

“तुमी न्हाई, तर आमी तरी कशाला?”

“मी नसताना लागलेलं राहिलं, तरच ते तुझं.”

गयाबाई रडत रडत उतरली. चित्रं राहिली. बाईंनी किल्ल्यांचा जुडगा माझ्या हातात ठेवला, पिशवी हँडलला अडकवली आणि गेल्या.

शेवटच्या दिवशी गयाबाईची सासू आली, मुलाचा दंड धरून. तिला नीट दिसत नव्हतं. नाक पुठ्ठ्याला लागेल इतकी जवळ जाऊन ती एकेक खिडकी बघत गेली आणि तिसरीपाशी थांबली. “ही मी हाय,” म्हणाली. “बघ की रं. माझाच अंबाडा काढलाय.” मुलाचा राग उतरला असं मी म्हणणार नाही. पण पाच वाजता ते चित्र त्यानंच खाली उतरवलं, वर्तमानपत्रात गुंडाळलं आणि सायकलला बांधून नेलं.

मी कंपनीत कायम झालो. पुढच्या वर्षी नवे फॉर्म छापून आले, ती ओळ त्यात होतीच. त्या प्रदर्शनाला एकाही बाईचं चित्र आलं नाही. आमच्यातलेच एक सभासद म्हणाले, “यंदा भिंती कशा ओक्याबोक्या वाटतात नाही?” मला तिथं बसवेना.

त्या रविवारी मी चिंचवडला बाईंच्या खोलीवर गेलो. त्या शेजारच्या विहारात मुलींना चित्रं शिकवून नुकत्याच परतल्या होत्या. बोटांना रंग होता.

“माफी मागायला आलोय,” मी म्हटलं.

“नका मागू. मला तिचा काय उपयोग?” त्यांनी हात धुतले, पुसले. “ती ओळ अजून आहे ना फॉर्मवर? ती काढा. आणि निवड समितीवर बायका घ्या. शोभेला एक नको, दोन घ्या. एकटी असली की तिला चहाचं विचारायला लावतात.”

मी ठराव मांडला तेव्हा माझ्याशिवाय कुणी हात वर केला नाही. पुढच्या वर्षी पुन्हा मांडला. त्याच सुमाराला अध्यक्षांची बदली दुसऱ्या गावच्या कारखान्यात झाली होती, आणि ठराव दहा मिनिटांत मंजूर झाला. माझ्या धैर्यानं झाला असं सांगायला मला आवडलं असतं.

बाईंना आम्ही समितीवर बोलावलं. त्या नाही म्हणाल्या. “गयाबाईला घ्या. तिला चित्रातलं तुमच्यापेक्षा जास्त कळतं.” पहिल्या बैठकीला गयाबाई आली, खुर्चीच्या कडेवर बसली आणि कुणी काही विचारायच्या आत म्हणाली, “मला सही येती.” पुढं निवडीच्या वेळी तिनं माझी दोन जलरंगातली चित्रं नापास केली. “पाणी पाण्यावानी न्हाई दिसत,” म्हणाली. बरोबर होतं ते.

बाई गेल्या, त्याच्या तीनेक महिने आधीची गोष्ट. उन्हाळ्याचे दिवस होते. बायकांची चित्रं खोलीच्या चारी भिंतींवर लागली होती. दुपारी उशिरा बाई एकट्याच आल्या. सायकल सुटली होती, रिक्षानं आल्या होत्या. खूप वाळल्या होत्या. सगळं बघून झाल्यावर मधल्या बाकावर बसल्या, आणि थोड्या वेळानं पाहतो तो बसल्या जागी झोप लागलेली. पिशवी मांडीवर, मान एका बाजूला.

पाच वाजले. राखणदार दार लावायला आला. “उठवू का?” त्यानं खुणेनं विचारलं. मी नको म्हणालो आणि त्याला घरी जायला सांगितलं. मग खुर्ची दाराशी घेऊन बसून राहिलो. पश्चिमेच्या खिडकीतून ऊन आत आलं, एकेका चित्रावरून सरकत गेलं. खालून रेल्वे गेली, तरी त्या जाग्या झाल्या नाहीत.

सव्वासहाला त्यांनी डोळे उघडले. “पाच वाजले का हो?”

“वाजतील आता,” मी म्हणालो.

समोरच्या भिंतीवर मोठं घड्याळ होतं. त्यांनी त्याच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं. पिशवी माझ्याकडे दिली आणि उठल्या. जिन्याच्या पहिल्या पायरीवर क्षणभर थांबल्या, आणि माझा हात धरून एकेक पायरी उतरू लागल्या.