कापसाच्या धुऱ्यावरची मावळती

माझ्या सासूला आम्ही आत्याबाई म्हणत असू. लग्न होऊन मी खामगावजवळच्या त्या खेड्यात आले, तेव्हाच त्यांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरू लागला होता. पुढे पुढे त्या भिंत चाचपत चालू लागल्या. वय झालं, आता काय पाहायचं राहिलंय, असं शेजारणी म्हणायच्या. माझ्या यजमानांचा आईवर जीव होता, पण कापूस निघाला की बघू, म्हणायचे. कापूस निघाला की दुसरं काही निघायचं.

तेव्हा वऱ्हाडाचा कारभार नागपुरातून चालायचा. खामगावच्या सरकारी दवाखान्यात मोतीबिंदू काढणारा डॉक्टर आलाय, हे मला बाजारात कळलं. घरी येऊन मी यजमानांना म्हटलं, तुम्ही वेचणी सांभाळा, मी आत्याबाईंना नेते.

"दमणी कोण हाकन?" त्यांनी विचारलं.

"मी," म्हटलं.

माहेरी आम्ही साऱ्या बहिणीच. बैलगाडी हाकायला मी वडिलांच्या हाताखाली शिकले होते. पदर खोचून मी दमणी जुंपली. खामगावच्या पेठेतून जाताना माणसं दुकानाबाहेर येऊन बघत होती. मी मान खाली घातली नाही.

डोळे कापल्यावर आत्याबाईंना वाळूच्या पिशव्यांमध्ये डोकं ठेवून निजवलं होतं. हलायचं नाही, खोकायचंसुद्धा नाही. मी उशाशी बसून चमच्यानं पेज भरवायची. दुखतं म्हणून त्या एकदाही बोलल्या नाहीत. फक्त एकदा माझा हात चाचपून म्हणाल्या, "मले दिसन काय वं?" मी दिसेल म्हटलं, पण मनातून घाबरले होते.

जाड भिंगांचा चष्मा मिळाला, आम्ही घरी आलो. काही दिवस कडक उन्हात जायला डॉक्टरांनी मना केलं होतं. म्हणून एक दिवस, उन्हं उतरल्यावर, मी त्यांना शेताच्या धुऱ्यावर, बांधावर, नेऊन बसवलं. चूल पेटवायची वेळ होती ती. मी पेटवली नाही.

सूर्य डोंगराकडे कलला होता. फुटलेली बोंडं आधी पिवळी दिसली, मग सारं शेत गुलाबी झालं. आत्याबाईंनी चष्मा काढला, पदरानं पुसला, परत लावला. सूर्य तांबडा होऊन डोंगराला टेकला, अर्धा राहिला, मग नुसती कड. ती गेल्यावरही आभाळ बराच वेळ जांभळं होतं. त्या हलल्या नाहीत.

"डोये होते तवा मले सांजंले चुलीपुढून उठता नाही आलं," त्या म्हणाल्या. "आज पाहून राह्यली."

वेचणीच्या बाया ओटीत कापूस घेऊन परतत होत्या. दिसतं का, म्हणून एकीनं विचारलं. आत्याबाई उठून उभ्या राहिल्या. मला वाटलं, नुसतं हो म्हणतील.

"दिसते," त्या म्हणाल्या. "माह्या सुनेनं दाखोलं. सोता दमणी हाकत नेलं तिनं मले."

पुढं आयुष्यात माझं कौतुक थोडंफार झालं. पण त्या बायांसमोर माझी मान जशी ताठ झाली, तशी पुन्हा कधी झाली नाही.

त्या हिवाळ्यात आम्ही दोघी रोज धुऱ्यावर जाऊ लागलो. यजमान आधी घरी वाट पाहायचे, मग तेही येऊन आईशेजारी बसू लागले. आमच्याकडे जेवणं उशिरा होऊ लागली.