कॅफेत फरशीवर बसलेली शालन

गाढवपणा मी आयुष्यात पुष्कळ केला. पण जिवाभावाच्या मैत्रिणीला भर कॅफेत मोलकरीण ठरवायचा पराक्रम साठी उलटल्यावर केला. तेव्हा मी तशी लहानच होते. केस पिकले होते, अक्कल हिरवी होती.

शालन आता नाही, म्हणून लिहायचं धाडस होतंय. साताऱ्याला कॉलेजात असताना होस्टेलच्या एका खोलीत आम्ही राहिलो. पुढे ती रहिमतपूरला सुभेदाराची बायको आणि उसाच्या मळ्याची मालकीण झाली. मी सांगलीत बँकेतल्या क्लार्कची बायको होऊन उगाच तोऱ्यात फिरू लागले. "मान एवढी ताठ, पट्टा लावलाय काय गं?" ती विचारायची.

महिन्यातून एकदा ती रेल्वेने यायची आणि आमच्या गल्लीच्या तोंडावरच्या कॅफेत आम्ही दुपारभर जेवायचो. दुपारभर, कारण शालन एक घास खायची आणि एकाची सालटी काढायची. पर्समधली खर्ड्याची डबी पास्त्यावर पालथी करायची. "ह्या गांडुळांत जरा जीव येऊ दे." बोलायची गावरान, पण शुद्ध मराठी तिला माझ्याहून चांगली यायची. "ती पेपरात लिहायला, नले. जेवताना तोंड मोकळं पायजे."

त्या दुपारी तिचं तोंड असंच मोकळं सुटलेलं असताना माझ्या भिशीतल्या दोघी आत आल्या. एक डॉक्टरीणबाई, दुसरी वकीलीणबाई. टेबलाशी थांबून शालनला न्याहाळत डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "या कोण, नलूताई?"

तिचं बोलणं त्यांनी ऐकलं होतं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. "आमच्या शेतावर कामाला असते," मी म्हणाले. "मिरजेला दवाखान्यात दाखवायला आणलंय." आमचं शेत म्हणजे गॅलरीतल्या चार कुंड्या.

शालनने माझ्याकडे एकदा पाहिलं. मग डोक्यावर पदर घेतला, प्लेट उचलली आणि सरळ फरशीवर मांडी घातली. "बसा बाईसाब, माझी खुर्ची घ्या. वैनीसाबांच्या बरोबरीनं बसाय नगं आमी."

डॉक्टरीणबाई खरंच बसल्या. वकीलीणबाईंनी शेजारची खुर्ची ओढली. "नलूताई मायाळूच आहेत हो."

"लय मायाळू! भाकरी शिळी झाली की पयली माझी आठवण काढत्यात. लुगडं फाटल्याबिगर कवा दिलं न्हाई. ताप आला तवा पगार कापला, पर शिव्या न्हाई दिल्या." प्रत्येक वाक्यानंतर ती थांबून वर माझ्याकडे बघायची. मी पाणी पीत राहिले. त्या दोघी समजूतदारपणे माना डोलावत होत्या.

"आमच्याकडे येशील का गं भांड्यांना?" वकीलीणबाई म्हणाल्या.

"वैनीसाब सोडत्यात का इचारा."

तिने माझ्या डोळ्यांत रोखून पाहिलं. ही माझी मैत्रीण आहे, एवढंच मी म्हणायला हवं होतं.

"न्या की," मी म्हणाले. वर हसलेसुद्धा.

त्या दोघी पलीकडच्या कोपऱ्यातल्या टेबलावर गेल्या, तशी शालन उठली, साडी झटकून खुर्चीवर बसली आणि गार पास्ता सावकाश खाऊ लागली. मला रडू फुटलं. "शालन, तुला मोलकरीण केलं गं मी."

तिने तोंडातला घास पुरता चावला.

"आगं, मोलकरीण झाल्याचं मला काय न्हाई. पर तुझ्याबद्दल मी एवढं खोटंनाटं बोलले, त्यातलं एक बी त्या बायांना खोटं वाटलं न्हाई बघ."