रेक्झिनचं कव्हर आणि खारी हवा

आमच्या घरात कुठलीही वस्तू उघडी ठेवत नसत. टीव्हीच्या रिमोटला प्लास्टिक, फ्रिजच्या मुठीला झालरीचं कापड, मिक्सरला टोपरं, सोफ्यावर चादर आणि त्या चादरीला जपायला आणखी एक चादर. परळच्या चाळीतून भाईंदरच्या फ्लॅटमध्ये आलेल्या माझ्या सासऱ्यांना वस्तू वापरायची असते हे कधी पटलंच नाही. त्यांच्या मते वस्तू राखायची असते. लग्न होऊन आले तेव्हा मला याची गंमत वाटायची. ती गंमत फार टिकली नाही.

मी अंधेरीला एका ऑफिसात विम्याचे दावे तपासायची. मुलगी नुकती चालायला लागली होती, सासूबाई माझ्या लग्नाआधीच गेलेल्या, आणि पाळणाघरात ठेवली की पोरगी आठवड्याभरात तापाने फणफणायची. घरी बसून काम करणं ही तेव्हा नवलाची गोष्ट होती. तरी माझ्या वरच्या मॅडमनी मोठ्या मिनतवाऱ्यांनंतर लॅपटॉप दिला आणि स्पष्ट सांगितलं, सोमवारपासून ऑफिसच्या वेळेला ऑनलाइन दिसलीस तर ठीक. नाहीतर ऑफिसात यायचं, नाहीतर राजीनामा द्यायचा. मला ती नोकरी हवी होती. पगारासाठी हवी होती हे तर झालंच, पण दिवसातले काही तास तरी मला कोणीतरी अक्कल असलेली बाई समजत होतं, त्यासाठी जास्त हवी होती.

शनिवारी केबलवाल्याने वायर ओढून राउटर बसवला. लॅपटॉप पहिल्या झटक्यात जोडला गेला. मी मॅडमना तसा मेलही पाठवला.

रविवारी सकाळी मी आंघोळीला गेले तेवढ्यात सासरे लॅपटॉप पिशवीत घालून निघाले. मोरव्याच्या रस्त्याला स्कूटरच्या सीटची कव्हरं शिवणारा एकजण बसायचा. जेवणाच्या वेळेपर्यंत लॅपटॉप तपकिरी रेक्झिन नेसून परत आला. झाकणाला एक कव्हर, खालच्या अंगाला दुसरं. पडदा आणि बटणं तेवढी उघडी, वायरींना भोकं आणि बाकी कडेने घट्ट इलास्टिक.

"कंपनीची वस्तू आहे," सासरे म्हणाले. "चरा पडला तर कोण जबाबदार?"

मी म्हटलं, जाऊ दे, म्हाताऱ्याची हौस. दुपारी मुलगी झोपल्यावर लॅपटॉप उघडला तर नेट नाही. एकही नेटवर्क दिसेना.

मग आमच्या घरातले विद्वान जागे झाले. धाकट्या दिराने स्टेशनजवळच्या क्लासात कधीकाळी कंप्यूटरचा कोर्स केला होता. त्या अर्ध्या हळकुंडावर तो इतका पिवळा झाला होता की बिल्डिंगमध्ये कोणाचं घड्याळ बंद पडलं तरी हा पुढे. "वहिनी, तुम्ही बाजूला व्हा," म्हणत त्याने माझी खुर्ची घेतली. लॅपटॉप बंद केला, चालू केला, पुन्हा बंद केला. मग म्हणाला, "विंडोजच गंडलंय." गंडलंय म्हणजे काय ते विचारलं तर, "ते तुम्हाला नाही कळायचं."

नवऱ्याने राउटर हातात घेतला. आधी टीव्हीवर ठेवला, मग माळ्यावर, मग खिडकीच्या ग्रिलला सुतळीने बांधला. दर वेळी तो तिथून ओरडायचा, "आता बघ!" आणि आत दीर म्हणायचा, "नाय रे, अजून थोडा वर." आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी. राउटरवरचे सगळे दिवे छान लुकलुकत होते. त्या बिचाऱ्याला काहीही झालं नव्हतं.

सासऱ्यांचं निदान तर सगळ्यांच्या वरचढ. "ही खाडीची हवा आहे. मुर्ध्यापासून इथपर्यंत सगळी मिठागरं. समुद्राकाठच्या गिरगावात कुलपांना नाही चढत तेवढा गंज इथल्या कुलपांना चढतो, मग लहरींचं काय होणार?" यावर माझ्या नवऱ्याने, इंजिनिअर नवऱ्याने, विचारपूर्वक मान हलवली. त्या क्षणी मला त्याची अक्षरशः किळस आली. आदल्या दिवशी हवा गोड होती काय, असं मी विचारलं. नवऱ्याने ग्रिलवरची सुतळी आणखी आवळली.

संध्याकाळी केबलवाला स्वतःचा लॅपटॉप घेऊन आला. त्याचा लगेच लागला. "देखो भाभी, हमारा सिग्नल एकदम फुल है. आपका पीस खराब है." लगेच दिराने शब्द फिरवला. "मी मघापासून तेच सांगतोय."

रात्री जेवताना नवरा म्हणाला, "अगं, नसेलच जमत तर दे सोडून. तशीही पोरगी लहान आहे." त्याच्या आवाजात काळजी असती तर मी सहन केलं असतं. पण त्या आवाजात सुटका होती. सासरे ताटातली कोशिंबीर चिवडत म्हणाले, "घरचं अन्न घरच्या हातचं मिळेल." मी मोडलेली भाकरी ताटात तशीच टाकून उठले.

सोमवारी सकाळी मॅडमचा फोन आला. मी खरं ते सांगितलं. त्या म्हणाल्या, "दुपारपर्यंत बघ. नाहीतर उद्या लॅपटॉप परत आणून दे." म्हणजे काय ते मला समजलं. नवरा आणि दीर कामावर गेले होते, सासरे पेपर वाचत होते. स्कूटरच्या सीटचा अवतार घेऊन ऑफिसात जायची माझी तयारी नव्हती, म्हणून मी चरफडत ते रेक्झिन ओढून काढलं.

लॅपटॉपच्या पुढच्या कडेला वायफाय चालू-बंद करायची नखाएवढी एक सरकती कळ होती. शेजारी लहरींचं बारीक चित्र. इलास्टिकने ओढून ती कळ एका बाजूला सरकवली होती आणि वरून कव्हरने झाकली होती. मी ती परत सरकवली. निळा दिवा लागला, आमचं नेटवर्क आलं, मॅडमचा मेल आला. मी रडले. आनंदाने नाही, संतापाने. या माणसांपायी माझी नोकरी गेली होती जवळजवळ.

सासऱ्यांना मी सांगितलं, कंपनीने कव्हर घालायला मनाई केली आहे. सुनेचं त्यांनी ऐकलं नसतं. कंपनीचं निमूट ऐकलं.

संध्याकाळी दीर आला, नेट चालू बघितलं आणि बापाला म्हणाला, "मी काल सेटिंग बदलली ना, तिला लागायला वेळ लागतो." सासऱ्यांनी शेजारच्या गुजराती काकांना हे दारात उभं राहून सांगितलं. पुढे दिराने रोज माझं काम संपायची वाट न बघताच लॅपटॉप मागायला सुरुवात केली. कधी क्रिकेटचा स्कोअर, कधी शेअरचे भाव. नवरा म्हणायचा, "दे ना, घरातलाच आहे."

मी हसून द्यायची. देताना अंगठा पुढच्या कडेवरून फिरवायची.

तो तासभर खटपट करायचा, राउटरला शिव्या द्यायचा आणि शेवटी लॅपटॉप माझ्या पुढ्यात आणून ठेवायचा. "काय कळत नाय वहिनी. हा फक्त तुमच्याच हाताला चालतो." एवढं एकच त्याचं निदान बरोबर निघालं, आणि मी त्याला कधीही खोटं पाडलं नाही.