मागे सरकवलेली खुर्ची

"अक्यूट ल्युकेमिया," डॉक्टर म्हणाल्या. म्हणजे रक्ताचा झपाट्याने वाढणारा कॅन्सर. लगेच पुढचा प्रश्न, "पेशी जुळतील असं सख्खं भावंड कोणी?"

"एक भाऊ," तेता अमरा म्हणाली. "कुठे आहे, ते माहीत नाही."

तेता म्हणजे मावशी. ती बॉस्नियाची चित्रकार, युद्धात जर्मनीत आलेली. बॉनला पीएचडी करताना मी तिच्या घरात खोली घेऊन राहत होते. तिला थकवा यायचा, अंगावर निळे डाग उठायचे, आणि आम्ही दोघी थंडीला दोष देत राहिलो. तुम्ही तसं करू नका. वेळेत रक्त तपासा.

तिच्या प्रत्येक चित्रात जेवणाचं टेबल असे आणि एक खुर्ची मागे सरकवलेली. बाहेर गेलेलं माणूस परत येईपर्यंत त्याची खुर्ची आत सारायची नाही, हा तिच्या आईचा नियम. भाऊ समीरला सैनिकांनी ऐन थंडीत भरल्या ताटावरून उठवून नेलं होतं.

मी डाव्या चळवळीची पत्रकं वाचत, वाटत वाढलेली. चिडून विचारायचे, "तेता, मारेकऱ्यांची तोंडं का नाही काढत तुम्ही?"

"त्यांना माझ्या टेबलाशी बसवू?"

केमोथेरपी, म्हणजे कॅन्सरच्या पेशी मारणारी औषधं, सुरू झाली. केस गेले. वॉर्डात मी युद्धखोरांवर बोलत सुटले की ती रक्ताच्या पिशवीकडे बोट दाखवायची. "तिला ऐकव. तीही तुझ्यासारखीच लाल आहे."

मग स्टेम सेल ट्रान्सप्लांट ठरलं. दात्याच्या पेशी शरीरात सोडायच्या, त्या नवं रक्त बनवतात. अनोळखी दाता मिळाला. डॉक्टर म्हणाल्या, "यानंतर तुमच्या रक्तातला डीएनए दात्याचा असेल."

तेताचा चेहरा उतरला. तिकडे बॉस्नियात सामूहिक कबरींतली हाडं नातेवाइकांच्या रक्ताशी जुळवून ओळखत होते. तिने आजवर नमुना दिला नव्हता. देणं म्हणजे तो मेला हे मान्य करणं. आईवडील राहिले नव्हते. समीरला ओळखू शकेल असं रक्त फक्त हिचं, आणि तेच आता बदलणार होतं.

"आधी समीरसाठी घ्या. नाहीतर मला ट्रान्सप्लांट नको."

"आल्झो, ठीक आहे, आजच घेऊ," डॉक्टर म्हणाल्या.

बोटातून चार थेंब निघाले. न्यायासाठी घसा फोडणारी मी, तेव्हा फक्त तिचा हात धरून होते.

नवं रक्त रुजलं. ती घरी आली. पुढच्या वर्षी बॉस्नियातून फोन आला. समीर सापडला होता. "अंगात स्वेटर होता का?" तिने एवढंच विचारलं. जाऊन त्याला माती देऊन आली आणि तेच टेबल पुन्हा रंगवलं. या वेळी खुर्ची आत सारलेली होती.

त्यानंतरच्या हिवाळ्यात कॅन्सर उलटला आणि तेता गेली.

त्या अनोळखी दात्याची मी ऋणी आहे. भावाला पुरण्याइतकं आयुष्य त्याने तिला दिलं. पत्रकं मी अजून लिहिते, पण आता आधी बेपत्ता माणसांची नावं लिहिते, मग घोषणा.

तेता कुठे आहे, हे मला माहीत आहे. म्हणून परवा स्वयंपाकघरातली तिची खुर्ची मी आत सारली.